जंतूंचे विष आणि जुनी औषधे

रोगजंतू मेला म्हणजे रोग संपला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. घटसर्प, धनुर्वात यांसारख्या रोगांत मात्र जंतूंपेक्षा त्यांनी सोडलेले विषच रोग्याचा प्राण घेते. हा भेद ओळखून थेट त्या विषावर उपाय शोधण्यात एमिल फॉन बेरिंग यांनी आपले आयुष्य वेचले.

१५ मार्च १८५४ रोजी प्रशियातील हान्सडॉर्फ या खेड्यात एका शाळामास्तरांच्या घरी त्यांचा जन्म झाला. घरात तेरा मुले; विद्यापीठाचा खर्च पेलणे वडिलांच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून सैन्यात नोकरी करण्याच्या अटीवर १८७४ मध्ये ते बर्लिनच्या लष्करी वैद्यक महाविद्यालयात दाखल झाले. पुढे लष्करी डॉक्टर असताना त्यांचे लक्ष आयोडोफॉर्मकडे वळले. जखमांवर लावण्याचे हे औषध त्या काळी नित्य वापरात होते. ते जंतूंना मारत नसून त्यांच्या विषाचा जोर मोडत असावे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. परंतु मोठ्या मात्रेत ते रोग्यालाच बाधत असे.

१८८८ मध्ये रू आणि येर्सँ यांनी पॅरिसमध्ये घटसर्पाच्या जंतूंचे विष दाखवून दिले. पुढच्याच वर्षी बेरिंग रॉबर्ट कॉख यांच्या हाताखाली बर्लिनमध्ये रुजू झाले. घटसर्पाची लागण केलेल्या गिनीपिगांना त्यांनी आयोडीन ट्रायक्लोराइड टोचले. त्या जहाल द्रव्याने प्राण्यांना गंभीर इजा होई. औषध म्हणून ते निरुपयोगी ठरले. मात्र जे थोडे प्राणी वाचले, ते पुन्हा त्या रोगाला बळी पडेनात. त्यांच्या रक्तातच विषाचा उतारा तयार झाला होता. डिसेंबर १८९० मध्ये बेरिंग व कितासातो यांनी प्रतिविषाचा हा शोध जाहीर केला. प्रतिविषाची ताकद मोजण्याची पद्धत एर्लिख यांनी बसवली आणि असंख्य बालके घटसर्पाच्या तावडीतून सुटली. १९०१ चे वैद्यकाचे पहिले नोबेल पारितोषिक बेरिंग यांना मिळाले. त्यात कितासातोंना वाटा मिळाला नाही आणि एर्लिख यांच्याशी तर त्यांचा कायमचा दुरावा झाला. ३१ मार्च १९१७ रोजी मारबुर्ग येथे ते निवर्तले. त्या वेळी महायुद्ध चालू होते आणि त्यांचे प्रतिविष जखमी सैनिकांना धनुर्वातापासून वाचवीत होते.

आज प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू वाढत आहेत; शिवाय जंतू मेले तरी आधीच शरीरात भिनलेले विष त्याने नाहीसे होत नाही. त्यामुळे हाताशी असलेल्या औषधांत विषाचा उतारा सापडतो का, याचा शोध पुन्हा सुरू झाला आहे. हिवतापावरील अमोडियाक्विन हे औषध अँथ्रॅक्सच्या विषाला पेशीत शिरण्यास अडथळा करते, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. जुन्या औषधाची मात्रा आणि त्याचे दुष्परिणाम आधीच ठाऊक असल्याने अनेक वर्षांचे काम वाचते. तथापि याच अमोडियाक्विनने काही रोग्यांच्या यकृताला व पांढऱ्या पेशींना अपाय झालेला आहे. औषध स्वतःच विष ठरू नये, ही बेरिंग यांना पडलेली चिंता म्हणूनच अजून मिटलेली नाही.

त्यासाठी नव्या, काटेकोर चाचण्या हव्यात. पण पेटंट संपलेल्या स्वस्त औषधाच्या चाचणीत कारखानदाराला नफा थोडा. तो खर्च सरकारांनी आणि सार्वजनिक संस्थांनीच उचलला पाहिजे. अन्यथा कपाटात असलेला उतारा रोग्यापर्यंत पोहोचणार नाही.