कॉर्नेलिया सोराबजी

स्त्रीने वकिली करू नये असे सांगणारे स्पष्ट कलम ब्रिटिश हिंदुस्थानच्या कायद्यात नव्हते, हे वाचून तुम्हांला नवल वाटेल. अडसर होता तो अर्थनिर्णयाचा. १८७९ च्या कायद्यात वकिलीच्या सनदेसंबंधी ‘व्यक्ती’ असा शब्द होता, आणि त्या व्यक्तीत स्त्री मोडते की नाही, हे ठरविणारे सर्व न्यायाधीश पुरुष होते. कॉर्नेलिया सोराबजी यांच्या आयुष्याची उमेदीची वर्षे या एका शब्दापाशी अडून राहिली.

त्यांचा जन्म १८६६ साली नाशिकला, पारशी ख्रिस्ती कुटुंबात झाला. आई फ्रान्सिना पुण्यात शाळा चालवीत. डेक्कन कॉलेजात शिकून कॉर्नेलिया मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या. गुणवत्तेने त्यांच्या वाट्याला येणारी इंग्लंडची सरकारी शिष्यवृत्ती त्या स्त्री असल्यामुळे नाकारली गेली. हितचिंतकांच्या साहाय्याने त्या १८८९ मध्ये ऑक्सफर्डला गेल्या. १८९२ मध्ये त्यांनी कायद्याची परीक्षा दिली. पदवी मात्र हाती आली नाही, कारण ऑक्सफर्ड १९२० पर्यंत स्त्रियांना पदव्याच देत नव्हते. मायदेशी परतून त्यांनी मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा अशा दोन्ही पार केल्या. सनद तरीही मिळाली नाही.

ही केवळ एका विदुषीची अडचण होती असे समजू नका. जमीनदार घराण्यांतील पडदानशीन विधवेची स्थिती पाहा. मालमत्तेवर तिचा हक्क असे, पण परपुरुषाशी बोलण्याची मुभा नसे. म्हणून वकिलाचा सल्ला तिच्यापर्यंत दिवाणजी किंवा दीर-भाचे यांच्या तोंडून पोहोचे, आणि तिची मिळकत बळकावू पाहणारे कित्येकदा तेच असत. पडदानशीन स्त्रीने दस्तऐवज समजून-उमजून केला हे सिद्ध झाल्याखेरीज तो तिच्यावर बंधनकारक मानू नये, असा न्यायालयांचा दंडक होता. दंडक चांगलाच, पण त्याचा आधार घ्यायला कोणीतरी तिची बाजू तिच्याच तोंडून ऐकायला हवी होती.

कॉर्नेलियांनी ही गोष्ट सरकारकडे लावून धरली. १९०४ मध्ये ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्‌स’कडे त्यांची नेमणूक झाली आणि पुढे बंगाल, बिहार, ओरिसा व आसाम येथील शेकडो स्त्रिया व अनाथ बालके यांची प्रकरणे त्यांनी हाताळली. अंतःपुरात त्यांना प्रवेश होता. न्यायालयात वकील म्हणून नव्हता.

१९१६ मध्ये रेजिना गुहा यांचा सनदेसाठीचा अर्ज कलकत्ता उच्च न्यायालयाने फेटाळला. १९२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने कॉर्नेलियांना सनद दिली, तेव्हा त्या पंचावन्नाव्या वर्षात होत्या. देशभरातील स्त्रियांसाठी हा अडसर १९२३ च्या कायद्याने दूर झाला.

त्यांची राजकीय मते मात्र अनेकांना रुचणारी नव्हती. गांधीजींच्या चळवळीला त्यांनी विरोध केला व कॅथरीन मेयो यांच्या ‘मदर इंडिया’ची पाठराखण केली. स्वदेशात त्यांचे नाव मागे पडले, त्याचे हे एक कारण म्हणता येईल.

सनदेनंतर त्यांनी कलकत्त्यात वकिली केली, तरी पूर्वग्रहामुळे त्यांच्याकडे बहुतांशी लेखी अभिप्रायांचेच काम येई. १९२९ मध्ये निवृत्त होऊन त्या लंडनला गेल्या. तेथेच १९५४ मध्ये त्यांचे निधन झाले.