विश्लेषण : पलुस्करांनी गाणे दरबाराबाहेर कसे आणले?
कीर्तनकार दिगंबरबुवांचे पुत्र विष्णू यांचा जन्म १८७२ मध्ये कुरुंदवाडला झाला. लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात फटाक्याने डोळ्यांना इजा झाली. दृष्टी जवळजवळ गेली, शाळा सुटली. पुढे मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते गायन शिकले.

तेव्हा गवयाचे पोट संस्थानिकांच्या मर्जीवर चाले. पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, तेही लोकांच्या आधारावर. ठरलेला अभ्यासक्रम आणि स्वरलिपीची पुस्तके यांमुळे सामान्य घरांतील मुलेही गाणे शिकू लागली.

मुंबईतील विद्यालयाची वास्तू कर्जापायी लिलावात गेली. पण ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन यांच्यासारखे शिष्य घडले होते. १९३१ मध्ये पलुस्कर गेले; त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. त्याच्या परीक्षा आजही होतात.