फ्रँक स्प्रेग : नौदलातून रुळांवर

मुंबईच्या उपनगरी गाडीने तुम्ही कधी प्रवास केला असेल, तर शेवटच्या स्थानकातील एक दृश्य तुमच्या परिचयाचे असेल. गाडी फलाटाला लागते, माणसे उतरतात, माणसे चढतात आणि काही मिनिटांत तीच गाडी उलट दिशेने निघते. इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला जोडण्याची धावपळ होत नाही, कारण या गाडीला वेगळे इंजिनच नसते. मोटारी काही डब्यांच्या खालीच बसवलेल्या असतात आणि टोकाच्या कक्षात बसलेला मोटरमन एका दांड्याने त्या सर्वांना एकाच वेळी हुकूम देतो. ही योजना ज्यांनी प्रथम प्रत्यक्षात आणली, त्या फ्रँक ज्युलियन स्प्रेग यांचे चरित्र आपण येथे पाहणार आहोत.

स्प्रेग यांचा जन्म २५ जुलै १८५७ रोजी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात, मिलफर्ड या गावी झाला. ते लहान असतानाच आई वारली. वडील कामधंद्याच्या शोधात पश्चिमेकडे गेले आणि फ्रँक व त्यांचा भाऊ यांना नॉर्थ अ‍ॅडम्स या गिरणगावात आत्याने वाढवले. फ्रँक यांना गणिताची उत्तम जाण होती, मात्र घरी पैसा नव्हता. भूदलाच्या अकादमीत शिरण्याच्या इच्छेने ते परीक्षेला गेले, तेव्हा ती परीक्षा नौदलाच्या अकादमीसाठी असल्याचे तेथे कळले. त्यांनी ती दिली आणि ते निवडले गेले. प्रवासाचा खर्चही कर्जाऊ काढून १८७४ साली ते अ‍ॅनापोलिसला दाखल झाले. चार वर्षांनी पदवी घेताना त्यांचा वर्गात सातवा क्रमांक होता.

नौदलात त्यांना पहिली नेमणूक मिळाली ती ‘रिचमंड’ या युद्धनौकेवर. हे नाव लक्षात ठेवा, पुढे ते वेगळ्या रूपात त्यांच्यासमोर येणार आहे. न्यूपोर्टच्या पाणतीर केंद्रात त्यांनी नव्या धर्तीचे जनित्र तयार केले. ‘लँकेस्टर’ या जहाजावर त्यांनी विजेच्या घंटांची व्यवस्था बसवली. अमेरिकी नौदलाच्या जहाजावर अशी व्यवस्था प्रथमच होत होती. १८८२ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथील विद्युत प्रदर्शनात परीक्षक मंडळाचे चिटणीस म्हणून त्यांनी काम केले. त्या मुक्कामात ते भुयारी रेल्वेने फिरत. तेव्हा त्या भुयारांतून वाफेची इंजिने धावत असत. धुराने कोंदलेल्या त्या बोगद्यांत बसून, येथे वीज का चालणार नाही, हा विचार त्यांच्या मनात मूळ धरू लागला.

१८८३ साली त्यांनी नौदलाचा राजीनामा दिला आणि ते थॉमस एडिसन यांच्याकडे नोकरीला लागले. येथे दोन स्वभावांची गाठ पडली. एडिसन यांचा भर प्रयोगावर होता. करून पाहायचे, चुकले तर पुन्हा करायचे. शहरात वीज वाहून नेणाऱ्या तारा किती जाड असाव्यात, हे ते प्रतिकृती बांधून ठरवत. स्प्रेग यांनी तेच काम गणिताने कमी वेळात करून दाखवले. शिवाय एडिसन यांचे लक्ष दिव्यांकडे, तर स्प्रेग यांचे मोटारींकडे होते. वर्षभरातच ते बाहेर पडले आणि १८८४ साली त्यांनी स्वतःची कंपनी काढली. भार कमीजास्त झाला तरी जवळजवळ एकाच वेगाने फिरणारी मोटार हे तिचे पहिले भांडवल होते.

आता आपण त्यांच्या आयुष्यातील सर्वांत धाडसी व्यवहाराकडे येतो. १८८७ च्या मे महिन्यात व्हर्जिनियातील रिचमंड शहराच्या ट्रामचे कंत्राट त्यांनी घेतले. बारा मैलांचा मार्ग, चाळीस गाड्या, ऐंशी मोटारी, वीजगृह, तारा, हे सारे नव्वद दिवसांत पुरे करायचे होते. मोबदला एक लाख दहा हजार डॉलर ठरला. मात्र साठ दिवस गाड्या समाधानकारक चालल्या तरच तो मिळणार होता. इतकी मोठी विजेची ट्राम तोवर कोठेही चालत नव्हती. सही करताना स्प्रेग यांच्याकडे काही आराखडे आणि थोडे प्रयोग यांपलीकडे फारसे काही नव्हते. असा करार सुज्ञ व्यापाऱ्याने केला नसता, असे म्हणणे भाग आहे.

त्यातच ते विषमज्वराने अंथरुणाला खिळले. उठून पाहतात तो रूळ निकृष्ट, वळणे अवघड आणि चढ असा की दहा फूट पुढे जाताना एक फूट वर जावे लागे. रात्रीच्या चाचणीत गाडीने चढ तर पार केले, पण मोटार तापून निकामी झाली. भोवती बघे जमले होते. स्प्रेग यांनी सहकाऱ्याला सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने काही उपकरणे आणायला पाठवले आणि दिवे मालवून ते गाडीतच थांबून राहिले. गर्दी पांगल्यावर उपकरणे आली. ती म्हणजे गाडी ओढून नेण्यासाठी आणलेली धष्टपुष्ट खेचरे होती!

त्यांची मोटार बसवण्याची पद्धत मात्र पुढे जगभर टिकली. मोटार गाडीच्या सांगाड्यात न ठेवता त्यांनी तिची एक बाजू चाकाच्या आसावर आणि दुसरी स्प्रिंगवर टेकवली. त्यामुळे धक्के बसले तरी दाते एकमेकांतून निसटत नसत. २ फेब्रुवारी १८८८ रोजी सेवा रीतसर सुरू झाली. स्प्रेग यांना सुमारे पाऊण लाख डॉलरांची खोट आली. पण त्याच वर्षी बोस्टनच्या ट्राम कंपनीचे प्रमुख हेन्री व्हिटनी पाहणीस आले. एकाच भागात अनेक गाड्या एकदम निघाल्या तर वीज पुरेल का, ही शंका होती. स्प्रेग यांनी एका रात्री बावीस गाड्या ओळीने उभ्या केल्या आणि एकामागून एक सोडल्या. विजेचा दाब कमालीचा घसरला, दिवे मंदावले, पण गाड्या चालल्या. बोस्टनचे काम विजेवर गेले आणि दोन वर्षांत शंभराहून अधिक ट्राममार्गांनी ही पद्धत स्वीकारली.

यशानंतर जे घडले, ते त्यांच्या मनाला कायमचे लागले. १८९० साली एडिसन यांच्या नावाच्या कंपनीने स्प्रेग यांची कंपनी विकत घेतली आणि यंत्रांवरून त्यांचे नाव काढले. स्प्रेग राजीनामा देऊन बाहेर पडले. मग त्यांनी विजेच्या लिफ्ट बनवण्याचा कारखाना काढला आणि पुढे तोही ओटिस कंपनीला विकला.

लिफ्टच्या या कामातच त्यांना रेल्वेची युक्ती सापडली. इमारतीतील अनेक लिफ्ट जर एका जागेवरून चालवता येतात, तर गाडीचे अनेक डबे का नाहीत? प्रत्येक डब्याच्या मोटारींसाठी त्याच डब्यात स्वतंत्र नियंत्रक बसवायचा आणि सर्व नियंत्रकांना बारीक तारांमधून थोड्या विजेने इशारा द्यायचा; मोटारीची सारी वीज मोटरमनच्या हातातून न्यायची गरजच उरत नाही. डबे वाढले की शक्तीही त्याच प्रमाणात वाढते. १८९७ साली शिकागोच्या साउथ साइड उन्नत रेल्वेच्या १२० डब्यांसाठी त्यांनी हे काम घेतले, तेही एक लाख डॉलरांची हमी स्वतः देऊन. रिचमंडच्या अनुभवाने ते सावध झाले नव्हते, हे उघड आहे. त्याच जुलैत झालेल्या चाचणीत सहा डब्यांची गाडी त्यांच्या दहा वर्षांच्या मुलाने चालवली. वर्षभरात त्या मार्गावरील वाफेची इंजिने निवृत्त झाली.

१९१० साली विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने त्यांना पदक दिले. त्याचे नाव एडिसन पदक होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात नौदलाच्या सल्लागार मंडळावर त्यांनी काम केले, त्याचे अध्यक्षही एडिसनच होते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी विजेची पहिली उपनगरी गाडी धावली, ती अशीच अनेक डब्यांची आणि इंजिनाविना चालणारी होती. तेव्हा स्प्रेग सदुसष्ट वर्षांचे होते. २५ ऑक्टोबर १९३४ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. नौदल सोडून अर्धशतक लोटले होते, तरी दफन आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत झाले. तेरा वर्षांनी, १९४७ साली, त्यांच्या पत्नी हॅरिएट यांनी पतीच्या कार्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या शीर्षकात स्प्रेग यांच्या नावाशेजारी त्यांनी एडिसन यांचेही नाव घातले, आणि त्यापुढे दंतकथा हा शब्द जोडला.