उंबऱ्यापाशी अडलेली समता

२४ जानेवारी १८८४ रोजी वॉशिंग्टनमध्ये एका पाद्र्याच्या घरी मोजक्या मंडळींच्या उपस्थितीत एक विवाह झाला. वर होते अमेरिकेतील विख्यात कृष्णवर्णीय वक्ते फ्रेडरिक डग्लस, वय पासष्टीच्या पुढे. वधू हेलन पिट्स, वय ४५, वर्णाने गोरी. राजधानीत अशा विवाहास कायद्याची आडकाठी नव्हती. मात्र पोटोमॅक नदीपलीकडच्या व्हर्जिनियात आणि डग्लस यांच्या जन्मभूमीत, मेरीलँडमध्ये, तो निषिद्ध होता.

वर्णद्वेषाची ओळख डग्लस यांना कामाच्या ठिकाणीच झाली होती. १८१८ मध्ये गुलाम म्हणून जन्मलेल्या या मुलाला मालकाने १८३६ मध्ये बाल्टिमोरच्या जहाज कारखान्यात लावले. स्वतंत्र कृष्णवर्णीयांसोबत काम करणार नाही, असे तेथील गोऱ्या सुतारांनी ठरविले होते. ते विष उमेदवारांत पसरले आणि चौघांनी मिळून डग्लस यांना इतके मारले की डोळा जाता जाता वाचला. गोऱ्यांविरुद्ध कृष्णवर्णीयाची साक्ष चालत नसल्याने दाद मिळाली नाही.

१८३८ मध्ये खलाशाच्या वेषात ते निसटले. या पलायनास साहाय्य करणाऱ्या ॲना मरे यांच्याशी विवाह करून ते मॅसॅच्युसेट्समधील न्यू बेडफर्डला आले. तेथे गुलामगिरी नव्हती. पण जहाजाच्या फळ्यांमधील भेगा बुजविण्याचे, हातखंड्याचे काम मागताच गोऱ्या कामगारांनी काम सोडण्याची धमकी दिली. अखेर लाकडे फोडणे, कोळसा उपसणे अशी कामे निम्म्या मजुरीवर करावी लागली.

पुढचा प्रवास सर्वज्ञात आहे: १८४५ चे आत्मचरित्र, वृत्तपत्र, गुलामगिरीविरोधी लढा. (त्या लढ्याच्या यशाबद्दल अमेरिकेतील सदाचारी लोकांना महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली.) १८८१ मध्ये डग्लस राजधानीच्या दस्तनोंदणी कार्यालयाचे प्रमुख झाले. एकेकाळी गोऱ्यांनी शेजारी उभे राहू न दिलेल्या या माणसाच्या हाताखाली १८८२ मध्ये हेलन कारकून म्हणून रुजू झाल्या. त्याच वर्षी ॲना निवर्तल्या होत्या.

विवाहाची वार्ता फुटताच गहजब झाला. गोऱ्या वृत्तपत्रांनी थट्टा केली. कृष्णवर्णीय समाजातील अनेकांना हा आपल्या स्त्रियांचा अवमान वाटला. आईची स्मृती ताजी असलेल्या मुलांची नाराजी तर समजण्याजोगी होती. समजणे अवघड जाते ते हेलनच्या वडिलांचे वर्तन. गिडियन पिट्स गुलामगिरीचे कट्टर विरोधक, डग्लस यांचे जुने परिचित. पण जावई म्हणून त्यांना घराचे दार बंद झाले. मालकांनी गुलाम स्त्रियांशी ठेवलेल्या संबंधांवर मौन पाळणाऱ्यांना हा राजरोस विवाह खुपावा, याकडे डग्लस यांनी बोट दाखविले. त्यांचे स्वतःचे वडील बहुधा गोरेच होते.

राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड विरोधी पक्षाचे. त्यांनी मात्र उभयतांना समारंभांना सन्मानाने निमंत्रिले. १८८९ मध्ये डग्लस हैतीतील राजदूत झाले. २० फेब्रुवारी १८९५ रोजी, स्त्रियांच्या एका परिषदेहून परतल्यावर त्यांचे निधन झाले. मृत्युपत्रावर पुरेसे साक्षीदार नसल्याने घराचा हक्क हेलनना मिळेना. कर्ज काढून त्यांनी ते विकत घेतले आणि १९०३ मध्ये मृत्यू येईपर्यंत पतीचे स्मारक म्हणून जपले.

मेरीलँडने मिश्रविवाहबंदी १९६७ मध्ये उठविली. व्हर्जिनियाची बंदी त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविली.