बर्फातून वाट काढणारा माणूस

विरारला मामांकडे गेलो असताना 'बंबार्डियर' हा शब्द मी प्रथम ऐकला. २०१५ साली पश्चिम रेल्वेवर ज्या नव्या लोकलगाड्या सुरू झाल्या, त्यांतील विजेची यंत्रसामग्री या नावाच्या कंपनीची होती, म्हणून प्रवासी गाडीलाच बंबार्डियर म्हणू लागले. मला वाटले, बॉम्बशी काही संबंध असेल! पुढे कळले की हे एका माणसाचे आडनाव आहे, आणि त्या माणसाने आगगाडी कधीच बनवली नव्हती. त्याने बनवली ती बर्फावर चालणारी गाडी.

जोसेफ आर्मां बंबार्डियर यांचा जन्म १६ एप्रिल १९०७ रोजी कॅनडातील क्वेबेक प्रांतात, वालकूर या खेड्याजवळ झाला. आठ भावंडांत ते थोरले. वडील आधी शेतकरी, नंतर दुकानदार. थोरल्या मुलाने धर्मगुरू व्हावे अशी घरची इच्छा, म्हणून चौदाव्या वर्षी त्याला शेरब्रुक शहरातील धर्मविद्यालयात घातले. पण पोराचे लक्ष पोथीत नव्हते, यंत्रात होते. घड्याळ दिसले की उघड, मोटार दिसली की खोल, असा त्याचा खाक्या. लोकांच्या गाड्या तरी वाचाव्यात म्हणून वडिलांनी त्याला फोर्ड मोटारीचे एक मोडके इंजिन देऊन टाकले.

त्या इंजिनाचे काय झाले ते ३१ डिसेंबर १९२२ रोजी गावाने पाहिले. पंधरा वर्षांच्या आर्मांने ते एका घसरगाडीवर बसवले, मागे विमानासारखा लाकडी पंखा जोडला आणि धाकटा भाऊ लिओपोल्ड याला पुढे सुकाणूवर बसवून गाडी बर्फावरून पळवली. उघडा पंखा गरगरत निघालेला पाहून वडिलांच्या पोटात गोळा आला. त्यांनी गाडी ताबडतोब मोडायला लावली.

सतराव्या वर्षी त्यांनी वडिलांची समजूत घालून विद्यालय सोडले. हे वाचताना मला थोडा हेवा वाटला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, त्यामुळे शिक्षण सोडतो हे वाक्य माझ्या तोंडून निघूच शकत नाही. पण त्यांनी शिकणे सोडले नव्हते. गॅरेजमध्ये उमेदवारी करता करता ते यंत्रशास्त्र, वीज आणि इंग्रजी शिकले. १९२६ साली, म्हणजे माझ्याच वयाचे असताना, वडिलांच्या मदतीने त्यांनी वालकूरमध्ये स्वतःचे गॅरेज काढले. १९२९ साली इव्हॉन लाब्रेक यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

त्या काळी क्वेबेकच्या खेड्यांत हिवाळा म्हणजे कोंडवाडा होता. रस्त्यावरचा बर्फ कोणी काढत नसे. मोटारी वसंत ऋतूपर्यंत घरात पडून राहत आणि डॉक्टरही घोड्याच्या घसरगाडीनेच हिंडत. उन्हाळ्यात मोटारी दुरुस्त करायच्या आणि हिवाळ्यात बर्फगाडीची खटपट करायची, असा आर्मां यांचा क्रम वर्षानुवर्षे चालला. पैसा जाई, गाडी काही जमत नसे.

१९३४ च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा इव्हॉन आजारी पडला. आंत्रपुच्छाचा दाह होऊन विष पोटात पसरले. रुग्णालय शेरब्रुकला, सुमारे पन्नास किलोमीटरवर. रस्ते बर्फाने बंद. बाहेर वादळी हिवाळा, घरात तडफडणारे मूल, आणि बाप त्या पंचक्रोशीतील सर्वांत हुशार कारागीर. तरीही काही करता आले नाही. मूल गेले.

या दुःखातून बर्फगाडीचा जन्म झाला, असे पुष्कळ ठिकाणी लिहितात. मला ते पूर्ण पटत नाही. ध्यास तर बारा वर्षे आधीपासूनचा होता. गाडी वेळेत तयार झाली नाही, हाच खरा सल असावा.

पुढच्याच वर्षी अडलेली गाठ सुटली. साधी चाके बर्फात रुततात, म्हणून वजन लांब पट्ट्यावर पसरायला हवे; पण पट्टा फिरवणाऱ्या दातेरी चाकात बर्फ गोठून बसे. त्यांनी ते दंतचक्र लाकडाचे करून त्यावर रबर चढवले आणि पट्टाही रबराचा केला. पुढे दिशा देण्यासाठी दोन स्की, मागे पट्टे. १९३७ साली या रचनेचे पेटंट मिळाले. सात माणसांची बी-७ ही गाडी डॉक्टरांनी घेतली, पाद्र्यांनी घेतली. मागोमाग बारा आसनांची बी-१२ आली, आणि मुलांना शाळेत पोचवण्यासाठी त्याहून मोठी गाडीही निघाली. १९४२ साली कंपनीची रीतसर नोंदणी झाली.

बर्फावर वाहन चालवणारे ते एकटे नव्हते. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधील कार्ल एलियासन यांनी १९२४ सालीच मोटार बसवलेली छोटी घसरगाडी केली होती. पण आजाऱ्याला बंद गाडीत घालून नेण्याची सोय बंबार्डियर यांनी केली.

१९४८ साली क्वेबेक सरकारने खेड्यांतले रस्तेही हिवाळ्यात मोकळे ठेवण्याचे ठरवले. गावकऱ्यांची सोय झाली आणि बंबार्डियर यांचा धंदा जवळजवळ निम्म्यावर आला! हीच व्यवस्था चौदा वर्षे आधी असती तर त्यांचा मुलगा कदाचित वाचला असता. या योगायोगावर त्यांच्या मनात काय आले असेल, याचा मी बराच विचार केला. त्यांनी मात्र दलदलीत आणि जंगलात चालणारे 'मस्केग' नावाचे ट्रॅक्टर काढून कारखाना सावरला.

एकदोघांसाठी हलकी गाडी करण्याचे जुने स्वप्न राहिले होते. लहान, हलकी इंजिने मिळू लागल्यावर १९५९ साली 'स्की-डू' आली. मूळ नाव 'स्की-डॉग' होते, छापताना चूक होऊन 'स्की-डू' झाले, असे सांगतात. सुरुवातीची एक गाडी उत्तर ऑन्टारिओत आदिवासींमध्ये राहणाऱ्या एका मिशनरी मित्राला दिली गेली, कारण तो कुत्र्यांच्या गाडीने हिंडत असे. तिथे ती खरोखर उपयोगी पडली. बाकी जगाने मात्र ती मौजेसाठी उचलली. पहिल्या वर्षी सव्वादोनशे गाड्या तयार झाल्या आणि थोड्याच वर्षांत हिवाळ्यातला तो एक खेळच होऊन बसला.

विमाने आणि आगगाड्या कंपनीने त्यांच्या पश्चात केल्या. २००३ साली बर्फगाड्यांचा विभाग विकून वेगळा झाला आणि २०२१ साली रेल्वेचा विभागही दुसऱ्या कंपनीकडे गेला. वालकूरमध्ये त्यांचे संग्रहालय आहे, आणि तिथे ते १९२६ सालचे गॅरेज जपून ठेवले आहे.

आर्मां बंबार्डियर कर्करोगाने १८ फेब्रुवारी १९६४ रोजी वारले. वय छप्पन्न. मृत्यू शेरब्रुकला झाला. तेव्हाही हिवाळाच होता, पण वालकूरहून तिथे जाणारा रस्ता आता मोकळा असे.