कॉर्नेलिया सोराबजी : पदवी आणि सनद

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानात जो नवशिक्षित वर्ग उदयास आला, त्यात कायद्याच्या पदवीधरांचे स्थान अग्रभागी होते. महादेव गोविंद रानडे १८६६ मध्ये मुंबई विद्यापीठाचे एलएल.बी. झाले. काशिनाथ त्र्यंबक तेलंग, फिरोजशहा मेहता, बाळ गंगाधर टिळक ही त्यापुढील नावे पाहिली, तरी कायद्याचे अध्ययन आणि सार्वजनिक कर्तृत्व यांचा त्या काळी किती निकटचा संबंध होता, हे ध्यानात येते. मात्र ही वाट केवळ पुरुषांसाठी मोकळी होती. रानड्यांना कायद्याची पदवी मिळाली त्याच वर्षी, १५ नोव्हेंबर रोजी, नाशिक येथे कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म झाला. त्यांच्या आयुष्याची तीसहून अधिक वर्षे ही वाट स्त्रीला खुली व्हावी, या खटपटीत गेली.

त्यांचे वडील रेव्हरंड सोराबजी खरसेटजी हे पारशी धर्मातून ख्रिस्ती झालेले धर्मोपदेशक होते. आई फ्रान्सिना यांचे पालनपोषण एका इंग्रज दांपत्याने केले होते. पुण्यात त्यांनी शाळा चालविली आणि मुलींच्या शिक्षणास वाहून घेतले. घरात मुलींची संख्या मोठी होती. परंतु मुलगी म्हणून कोणाच्या शिक्षणात उणीव राहू द्यायची नाही, हा आईवडिलांचा निर्धार होता. कॉर्नेलिया यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्रवेश घेतला, तेव्हा तेथे त्या एकट्याच विद्यार्थिनी होत्या. वर्गात त्यांचे स्वागत झाले नाही. काही सहाध्यायी त्यांच्या तोंडावर दार लावून घेत. तरीही बी.ए.च्या परीक्षेत त्या पहिल्या वर्गात आल्या आणि आपल्या महाविद्यालयात सर्वप्रथम ठरल्या. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर म्हणून त्यांचा निर्देश होतो.

या यशाने इंग्लंडमधील उच्च शिक्षणासाठी असलेल्या सरकारी शिष्यवृत्तीवर त्यांचा हक्क प्रस्थापित व्हावयास हवा होता. परंतु उमेदवार स्त्री असल्याच्या एकमेव कारणाने ती नाकारण्यात आली. १८८८ मध्ये त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजीच्या अध्यापनाचे काम पत्करले. इकडे इंग्लंडमध्ये लेडी मेरी हॉबहाउस यांनी त्यांच्यासाठी निधी जमविण्यास आरंभ केला. त्यास हातभार लावणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि सर विल्यम वेडरबर्न यांचा समावेश होता. १८८९ मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाल्या.

त्या काळी स्वदेशातील सुशिक्षित स्त्रीपुढे आदर्श होता तो वैद्यकाचा. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथे वैद्यकीय पदवी मिळविली होती आणि रखमाबाई १८८९ मध्येच वैद्यकाच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. पुरुष डॉक्टरला पडद्याआड प्रवेश नाही, म्हणून स्त्री डॉक्टर हवी, ही गोष्ट सनातनी मंडळींनाही पटत होती. कॉर्नेलिया यांनी हाच युक्तिवाद कायद्याला लावला. पडदानशीन स्त्रीच्या नावे जमीनजुमला असे; पण व्यवहार पाही तो कारभारी किंवा नातलग. वकिलाशी ती समोरासमोर बोलू शकत नसे. तिने केलेला दस्तऐवज तिला नीट उमगला होता, हे त्याचा लाभ घेणाऱ्याने सिद्ध करावे, असे तत्त्व न्यायालयांनी मान्य केले होते. पण तो तिला समजावून सांगणार कोण, हा प्रश्न शिल्लक राहत होता. रोगी स्त्रीला जशी वैद्य हवी, तशी संपत्तीधारक स्त्रीला कायदेपंडित स्त्री हवी, हे त्यांच्या अध्ययनामागील सूत्र होते.

ऑक्सफर्डमध्ये बॅलियल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जॉवेट यांचे साहाय्य त्यांना लाभले. सर विल्यम अँसन यांच्या अनुमतीने ऑल सोल्स कॉलेजच्या कॉड्रिंग्टन ग्रंथालयात त्यांना वाचनाची मुभा मिळाली. तेथे प्रवेश मिळालेल्या त्या पहिल्याच स्त्री होत. १८९२ मध्ये बॅचलर ऑफ सिव्हिल लॉ या परीक्षेची वेळ आली, तेव्हा स्त्रीची परीक्षा घेण्याबाबत आक्षेप निघाला. पुरुष विद्यार्थ्यांसमवेत रीतसर परीक्षेस बसू न दिल्यास आपल्या उत्तीर्णतेस मोल राहणार नाही, हे जाणून त्यांनी आग्रह धरला आणि अखेर विद्यापीठाने विशेष ठराव करून अनुमती दिली. ही परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. त्या तिसऱ्या वर्गात उत्तीर्ण झाल्या. पदवी मात्र मिळाली नाही, कारण ऑक्सफर्ड त्या काळी स्त्रियांना पदवीच देत नसे. लंडनमधील सॉलिसिटरांच्या एका पेढीत काही काळ उमेदवारी करून त्या स्वदेशी परतल्या.

येथून पुढचा काळ परीक्षांचा आणि नकारांचा आहे. काठेवाड व इंदूर येथील ब्रिटिश एजंटांपुढे पडदानशीन स्त्रियांची बाजू मांडण्याची त्यांना खास परवानगी मिळाली. १८९६ मध्ये पुण्यात खुनाचा आरोप असलेल्या एका स्त्रीचा बचाव त्यांनी न्यायाधीशांच्या अनुज्ञेने केला व ती निर्दोष सुटली. परंतु अशी अनुज्ञा ही दर वेळी नव्याने मागावयाची मेहेरबानी होती. तिला हक्काचे स्वरूप नव्हते. म्हणून १८९७ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. परीक्षा दिली आणि १८९९ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षाही त्या उत्तीर्ण झाल्या. पात्रतेच्या दृष्टीने आता काहीच उणे राहिले नव्हते. तरीही सनद मिळाली नाही. परीक्षेला बसू देणे ही एक गोष्ट आणि न्यायासनासमोर उभे राहू देणे ही दुसरी, असा भेद व्यवस्थेने केला होता.

न्यायालयाचे दार बंद झाल्यावर त्यांनी सरकारचे दार ठोठावले. स्त्रियांसाठी स्त्री कायदेसल्लागार नेमावी, अशी मागणी १९०२ पासून त्यांनी इंडिया ऑफिसकडे चालविली आणि १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये त्यांची नेमणूक झाली. अज्ञान वारस आणि स्त्रिया यांच्या जमीनदाऱ्यांची व्यवस्था या खात्याकडे असे. लवकरच त्यांचे कार्यक्षेत्र बंगाल, बिहार, ओरिसा व आसामपर्यंत विस्तारले. दूरदूरच्या वाड्यांत जाऊन विधवांच्या तक्रारी ऐकणे, हिशेब तपासणे, दत्तकाचे तंटे मिटविणे, मुलांच्या शिक्षणाची तरतूद करणे, असे हे काम होते. सुमारे वीस वर्षांत सहाशेंहून अधिक स्त्रिया व बालके यांना त्यांचे साहाय्य झाले, असा अंदाज आहे. १९०९ मध्ये त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक मिळाले.

दरम्यान इतर स्त्रियाही पुढे आल्या. रेजिना गुहा यांचा अर्ज कलकत्ता उच्च न्यायालयाने १९१६ मध्ये फेटाळला. पुढे सुधांशुबाला हाजरा यांना पाटण्यात तसाच अनुभव आला. इंग्लंडमध्ये १९१९ च्या कायद्याने हा अडसर दूर झाला. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९२१ मध्ये कॉर्नेलिया यांचे नाव वकिलांच्या यादीत दाखल केले. १९२२ मध्ये, परीक्षेनंतर तब्बल तीस वर्षांनी, ऑक्सफर्डने त्यांना पदवी दिली. पुढे लिंकन्स इनमधून त्या बॅरिस्टर झाल्या. १९२३ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स (विमेन) ॲक्टने हिंदुस्थानभर स्त्रियांना वकिलीचा अधिकार मिळाला. १९२४ मध्ये त्यांनी कलकत्त्यात वकिली सुरू केली, तेव्हा त्यांचे वय सत्तावन्न होते. व्यवसायाच्या शिडीवर नव्याने चढण्याचे ते वय नव्हते. न्यायालयातील वादविवादापेक्षा लेखी अभिप्राय देण्याचेच काम त्यांच्या वाट्यास आले. १९२९ मध्ये निवृत्त होऊन त्या लंडनला गेल्या.

त्यांच्या चरित्राची एक बाजू अडचणीची आहे आणि ती झाकून चालणार नाही. राष्ट्रीय चळवळीविषयी त्यांना आस्था नव्हती. गांधीजींच्या राजकारणास त्यांनी विरोध केला. १९२७ मध्ये कॅथरीन मेयो यांच्या ‘मदर इंडिया’ या पुस्तकाचा त्यांनी पुरस्कार केल्याने अनेक स्वदेशी सहकारी दुरावले. या भूमिकेचे मूळ काही अंशी त्यांच्या कार्यातच शोधता येते. ज्या पडद्यामुळे स्त्री वकिलाची आवश्यकता सिद्ध होत होती, तो पडदा नाहीसा होण्याचा विचार त्यांच्या योजनेत दुय्यम राहिला. स्त्रीचा हक्क त्यांनी समतेच्या तत्त्वावर मागण्याऐवजी गरजेच्या आधारावर मागितला. त्यामुळे नोकरीचे दार उघडले, परंतु त्या तरुण पिढीपासून दूर पडल्या.

‘इंडिया कॉलिंग’ (१९३४) आणि ‘इंडिया रिकॉल्ड’ (१९३६) या आठवणींच्या ग्रंथांत त्यांनी आपला प्रवास नोंदविला आहे. ६ जुलै १९५४ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. २०१२ मध्ये लिंकन्स इनमध्ये त्यांचा अर्धपुतळा बसविण्यात आला. कायद्याच्या वर्गात आज ज्या विद्यार्थिनी प्रवेश घेतात, त्यांना पदवी आणि सनद या एकाच वाटेवरील दोन लागोपाठच्या पायऱ्या वाटतात. कॉर्नेलिया सोराबजी यांच्या बाबतीत त्या दोहोंमध्ये एका माणसाच्या कर्तृत्वाची उमेदीची वर्षे खर्ची पडली होती. त्यांच्या राजकीय मतांशी असहमत होऊनही हा खर्च मान्य करावा लागतो; कारण त्यांनी जे फार उशिरा मिळविले, ते पुढच्या विद्यार्थिनींना वेळेवर मिळाले.