समजून घ्या : कामातले शिल्लक दिवस कोणाचे? विश्वेश्वरय्यांना पांझरेने घातलेले कोडे

कुंभार पिंपळगाव (जि. जालना) : पावसाआधी विहीर पूर्ण करायची आहे आणि हातात 41 दिवस आहेत, असे समजा. सुरळीत झाले तर खोदकामाला 20, बांधकामाला 10 आणि मोटार बसवायला 2 दिवस लागतात. उरले 9. खडक लागला की खोदणाराच ते सगळे संपवतो आणि उशिराचा ठपका येतो मोटारवाल्यावर.

ज्यांच्या जयंतीला, 15 सप्टेंबरला, देशात अभियंता दिन साजरा होतो, ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या नोकरीच्या सुरुवातीलाच अशा पेचात सापडले. पुण्याच्या सायन्स कॉलेजातून ते 1883 मध्ये मुंबई इलाख्यात पहिले आले. पुढच्याच वर्षी सहाय्यक अभियंता म्हणून नोकरीत रुजू झाले. धुळ्याच्या बाजूला पांझरेवर पाइप सायफनचे काम होते. पाऊस सुरू झाला, कामाच्या जागी वाळू साचू लागली. काम पावसाळ्यानंतर करावे, असे त्यांनी कळवले. वरिष्ठांना ते रुचले नाही. शेवटी त्यांनी पावसातच काम पुरे केले. कौतुक झाले, पण पुराचे दिवस वेळापत्रकात कोणाच्या नावावर होते? बहुधा कोणाच्याच नाही.

प्रकल्प नियोजनात हे शिल्लक दिवस आधीच वाटून देता येतात. समसमान वाटणी दिसायला बरी, पण न्याय्य नाही. ज्या कामाचा भरवसा कमी, त्याला जास्त, हा एक सोपा हिशेब. खोदकाम 12, बांधकाम 4 आणि मोटारीचे काम 2 दिवस लांबू शकते, असे धरा. बेरीज 18. म्हणून 9 दिवसांची वाटणी 6, 2 आणि 1. खोदणाऱ्याला सहाच्या पुढे गेल्यास जाब द्यावा लागेल, वाचलेले दिवस मात्र पुढच्याला मिळतील.

विश्वेश्वरय्यांनी वाटणीचा प्रश्न पुढे पाण्याच्या बाबतीत हाताळला. नीरा कालव्यावर त्यांनी ब्लॉक पद्धत आणली : पिकांचा फेरपालट, म्हणजे तेच पाणी जास्त गावांना. खडकवासल्याला 1903 मध्ये त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले.

सप्टेंबर 1908 मध्ये मुसी नदीच्या पुराने हैदराबाद उद्ध्वस्त झाले. पुढच्या वर्षी निझाम सरकारने त्यांना बोलावले. तेव्हा आपला जालना परिसरही त्याच राज्यात होता. शहराच्या वर पूर अडवणारे जलाशय बांधण्याची योजना त्यांनी दिली. तिच्यातूनच उस्मानसागर आणि हिमायतसागर उभे राहिले.